ताशी ७८ किलोमीटर आणि परतीचे वळण : अडथळा चुकवताना गरगरलेल्या एका गाडीचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

हे प्रकरण एका बंदिस्त प्रशिक्षण-मैदानावरचे आहे. प्रशिक्षणार्थी अनेक वर्षांचा अनुभव असलेला चालक होता आणि गाडी त्याची स्वतःची होती: इंजिन मागच्या धुरीच्याही मागे, ताकद मागच्या चाकांना, सुमारे ४५० अश्वशक्ती, वजन सुमारे १,५०० किलो आणि त्या वजनाचा ६१ टक्के भार मागे. पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद आणि मागचे ३०५. गाडी निर्दोष होती, टायर नवे होते, डांबर कोरडे होते. कोणालाही इजा झाली नाही आणि नुकसान म्हणाल तर मार्गिका आखणाऱ्या पाच शंकूंचे झाले. तरीही या फेरीची नोंद सविस्तर करावीशी वाटली, कारण तिच्यात चूक जिथे दिसली तिथे ती झालेली नव्हती, आणि जो प्रश्न आम्ही सकाळीच विचारायला हवा होता तो दुपारी विचारला गेला.

मांडणी आयएसओ ३८८८-२ या मानकातील दुहेरी मार्गिका-बदलाची होती. तीत एकूण ६१ मीटर लांबीचे पाच टप्पे असतात. पहिली मार्गिका १२ मीटर, मग डावीकडे सरकण्यासाठी १३.५ मीटर मोकळे, मग ११ मीटरची बाजूची मार्गिका, मग परतण्यासाठी १२.५ मीटर आणि शेवटी मूळ रांगेतील १२ मीटरची मार्गिका. मार्गिकांची रुंदी गाडीच्या रुंदीवरून ठरते, त्यामुळे अंगाने मोठ्या गाडीला सवलत मिळत नाही आणि लहान गाडीला फायदा होत नाही. आमच्या गाडीला प्रत्यक्षात सुमारे ३ मीटर बाजूला सरकावे लागत होते. ताशी ७८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २१.७ मीटर. या वेगात ६१ मीटरचा सगळा खेळ २.८ सेकंदांत आटोपतो आणि बाजूच्या मार्गिकेत गाडी जेमतेम अर्धा सेकंद असते. त्या अर्ध्या सेकंदात गाडी सरळ करायची असते आणि परतायलाही लागायचे असते.

सर्वसामान्य वाचकाला ही चाचणी ‘मूस टेस्ट’ या नावाने ठाऊक असेल. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी ‘तेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या स्वीडिश नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास अशाच वळणात उलटली आणि त्यानंतर कंपनीला ईएसपी ही स्थैर्य-नियंत्रण प्रणाली त्या लहान गाडीत सरसकट बसवावी लागली. तिथे गाडी उंच होती आणि उलटली. आमची गाडी जमिनीलगतची होती, ती उलटणे जवळपास अशक्य होते. अशी गाडी पकड सुटली की कलंडत नाही, फिरते.

मानकापासून आम्ही एक फारकत घेतली होती. मानकानुसार पहिल्या मार्गिकेत शिरताच ॲक्सिलरेटर पूर्ण सोडायचा असतो आणि पुढचे सगळे अंतर गाडी सोडलेल्या पायावर धावते. आम्ही मात्र प्रशिक्षणार्थ्यांना पाय हलकासा, पण स्थिर ठेवायला सांगत होतो, जेणेकरून वजन पुढे-मागे न झुलता गाडी स्थिरावलेली राहील, आणि ब्रेक फक्त शेवटच्या मार्गिकेत, गाडी सरळ झाल्यावर. या फरकाला पुढे महत्त्व आहे.

चौथी फेरी

पहिल्या तीन फेऱ्या ताशी ६०, ६८ आणि ७४ किलोमीटरने झाल्या. तिन्ही वेळा स्थैर्य-नियंत्रण प्रणाली पूर्ण चालू होती. तिसऱ्या फेरीत ती दोनदा हलकेच मध्ये पडली, शंकू मात्र एकही पडला नाही. चौथ्या फेरीआधी प्रशिक्षणार्थ्याने प्रणाली स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे ती उशिरा मध्ये पडेल अशा स्थितीत, नेण्याची परवानगी मागितली आणि मी ती दिली. त्याच फेरीत वेगही ७८ वर नेण्याचे ठरले. एका फेरीत दोन गोष्टी बदलू नयेत हा प्रशिक्षणातला प्राथमिक नियम आहे आणि तो मीच मोडला. या प्रकरणातील पहिली चूक चालकाची नाही, ती इथली आहे.

डेटा लॉगरच्या, म्हणजे गाडीची हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या, नोंदीनुसार घटनाक्रम असा होता. प्रवेशाचा वेग ठरल्याप्रमाणे ७८. पहिल्या मार्गिकेच्या शेवटाकडे स्टिअरिंग डावीकडे सुमारे ९५ अंश वळले. हे वळण नेटके होते, पाय स्थिर होता आणि गाडी बाजूच्या मार्गिकेत शंकूंना न शिवता शिरली. प्रवेशानंतर साधारण दीड सेकंदाने, मार्गिका संपत आलेली असताना, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचलला गेला आणि लगोलग ब्रेकवर आला. ब्रेकचा हा दाब फक्त एक तृतीयांश सेकंद टिकला आणि पूर्ण ताकदीचाही नव्हता. गाडी सुमारे अर्धा जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या निम्मी, इतकीच मंदावली. नेमक्या त्याच क्षणी स्टिअरिंग उजवीकडे निघाले आणि मध्यबिंदू ओलांडून १४० अंशांवर गेले. पुढचे टोक झटकन उजवीकडे आले. मागचे टोक डावीकडे निघाले, आणि थांबले नाही. चालकाने स्टिअरिंग डावीकडे उलटवले, पण तोवर उशीर झाला होता. ते दोनशे अंशांच्या पुढे गेले तेव्हा गाडी आडवी झालेली होती. सव्वादोन सेकंदांच्या सुमारास पाय ब्रेकवर पूर्ण दाबला गेला, गाडी आपल्याभोवती अर्ध्याहून थोडी अधिक फिरली, मागच्या टोकाने शेवटच्या मार्गिकेतील शंकू उडवले आणि मोकळ्या डांबरावर उलट्या तोंडाने थांबली.

गाडीतून उतरल्यावर चालकाचे पहिले वाक्य होते, “उलटे स्टिअरिंग द्यायला उशीर झाला.” बाहेरून पाहणाऱ्या इतर प्रशिक्षणार्थ्यांचेही तेच मत होते. गाडी हातातून गेली की सगळे हातांकडे पाहतात, हे स्वाभाविक आहे. नोंद मात्र पायाकडे बोट दाखवते.

मागचे टोक का निघाले

अर्धा जी मंदावताना गाडीचे किती वजन पुढे झुकते याचा हिशेब सोपा आहे: गुरुत्वमध्याची उंची भागिले दोन धुऱ्यांमधील अंतर, गुणिले मंदन, गुणिले वजन. गुरुत्वमध्य सुमारे ४६ सेंटिमीटर उंचीवर आणि धुऱ्यांमधील अंतर २४५ सेंटिमीटर धरले, तर सुमारे १४० किलो भार मागून पुढे जातो. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो दोन्ही धुऱ्यांच्या बाजूने पाहावा. पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ५८५ किलोवरून ७२५ वर गेला, म्हणजे जवळपास चोवीस टक्क्यांनी वाढला. मागच्या चाकांवरचा ९१५ वरून ७७५ वर आला, म्हणजे पंधरा टक्क्यांनी घटला. आणि हे घडले ते पुढची चाके जोराने उजवीकडे वळवली जात असताना. पुढच्या टोकाला अचानक जास्त पकड मिळाली, मागच्या टोकाची तेवढ्यातच कमी झाली, आणि मागचे टायर त्याच वेळी इंजिनाच्या व ब्रेकच्या ओढीलाही तोंड देत होते. वळण्याची ताकद पुढे वाढली आणि ते वळण धरून ठेवणारी ताकद मागे घटली, तर गाडी फिरण्याखेरीज दुसरे काय करणार?

इथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. टायरची पकड हे एक वर्तुळ मानण्याची रीत आहे: ब्रेक आणि वळण यांची एकत्रित मागणी त्या वर्तुळात मावली पाहिजे. जर्मन अभियंते वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्या वर्तुळाच्या हिशेबाने पकडीचा अर्धा भाग ब्रेकसाठी खर्च केला तरी वळण्यासाठी निम्मी नव्हे, सुमारे ८७ टक्के पकड उरते. मग एवढ्याशा ब्रेकने गाडी का फिरावी? उत्तर असे की ते वर्तुळ पूर्ण गाडीचा एक गोळा मानते आणि स्थिर अवस्थेचा हिशेब देते. आमच्या फेरीत प्रश्न बेरजेचा नव्हता, वेळेचा होता. तोच ब्रेक अर्धा सेकंद आधी, गाडी बाजूच्या मार्गिकेत सरळ असताना लागला असता, तर पुढचे टोक खाली बसून परत वर आले असते आणि वळताना वजन पुन्हा जागेवर असते.

वेळेचा हा मुद्दा बाजूच्या झुकण्यालाही लागू आहे. डावीकडे वळताना गाडी उजवीकडे कलते आणि उजव्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात. त्या सुटण्याआधीच स्टिअरिंग उजवीकडे नेले की दबलेल्या स्प्रिंगांचा उसळता जोर आणि नव्या वळणाचा जोर एकाच दिशेने काम करतात, आणि गाडी डावीकडे नुसती कलत नाही, फेकली जाते. रॅलीचे चालक हेच मुद्दाम करतात: उजवीकडच्या तीव्र वळणाआधी गाडी क्षणभर डावीकडे नेतात, मग पाय उचलून उजवीकडे सोडतात, म्हणजे लंबकासारखे मागचे टोक आपसूक फिरते. त्याला ‘स्कँडिनेव्हियन फ्लिक’ म्हणतात. आमच्या प्रशिक्षणार्थ्याने क्रमाक्रमाने नेमके तेच केले. फरक एवढाच की रॅलीच्या चालकाला गाडी फिरवायची असते. दुहेरी मार्गिका-बदल ही रचनाच अशी आहे की तीत पाय चुकीच्या क्षणी उचलला तर ती आपोआप फ्लिक होते, आणि इंजिन मागे टांगलेल्या गाडीत लंबकाचे वजन आधीच मागच्या टोकाला असते.

इथेच मानकातील आणि आमच्या नियमातील फरक आठवावा. मानकातही पाय सोडलेलाच असतो, पण तो गाडी सरळ असताना सुटतो. झुकलेले वजन वळणाआधी स्थिरावते. म्हणजे ‘पाय उचलू नये’ हा नियम म्हणून अपुरा आहे. पाय उचलला की नाही यापेक्षा स्टिअरिंग मध्यबिंदू ओलांडत असताना पाय हलला की नाही, हे पाहायचे असते. अतिवेगात ही गोष्ट किती महाग पडते याचे उदाहरण ऑडी टीटीच्या पहिल्या आवृत्तीने दिले. १९९८ मध्ये आलेल्या त्या देखण्या कूपेला जर्मन महामार्गांवर अतिवेगात झटक्याने मार्गिका बदलताना अपघात होऊ लागले, आणि त्यानंतर कंपनीने आधीच विकलेल्या गाड्यांनाही मागचा स्पॉयलर, ईएसपी आणि बदललेले सस्पेन्शन दिले. तिथे मागचे टोक हलके होण्यात हवेच्या उचलीचाही वाटा होता, जो आमच्या वेगात नगण्य आहे. पण मागचे टोक हलके असताना परतीचे वळण, हा गाभा तोच.

पहिले वळण साधले याचे फारसे कौतुक करू नये. स्थिरावलेल्या गाडीला एकदा वळवणे सोपे असते, कारण तिच्या अंगात आधीची कोणतीही हालचाल साठलेली नसते. चुकवण्याच्या युक्तीची किंमत परतताना द्यावी लागते, आणि कामगिरीच्या, म्हणजे वेग आणि ताकदीसाठी बनवलेल्या, गाडीत ती जास्त असते. साध्या गाडीचे टायर लवकर किंचाळू लागतात, अंग मोठे झुकते, स्टिअरिंग सैल पडते. चालकाला पुरेशी पूर्वसूचना मिळते. रुंद, कमी उंचीच्या टायरवर बसलेली ताठ गाडी मर्यादेपर्यंत शांत राहते आणि मर्यादेपलीकडे मात्र झपाट्याने सुटते. तिसऱ्या फेरीत सगळे सहज वाटले म्हणून चौथीत वेग वाढवला, ही सहजताच फसवी होती. या चाचणीतल्या सर्वांत गाजलेल्या वेगांपैकी एक १९९९ साली सिट्रोएन झँशिया ॲक्टिव्हा या कौटुंबिक गाडीने नोंदवला, ताशी ८५ किलोमीटर, तोही ताकदीच्या नव्हे तर अंग झुकूच न देणाऱ्या हायड्रॉलिक रचनेच्या बळावर. अश्वशक्तीचा या परीक्षेशी जवळपास संबंध नाही.

प्रणाली कुठे होती

स्थैर्य-नियंत्रण प्रणाली १९९५ मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. स्टिअरिंगचा कोन आणि वेग यांवरून चालकाला गाडी किती वळवायची आहे याचा अंदाज ती बांधते, गाडी प्रत्यक्षात किती वेगाने फिरते आहे हे मोजते, आणि दोहोंत तफावत पडली की एखाद्या चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते. मागचे टोक बाहेर निघत असेल, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो आणि गाडीचे फिरणे रोखले जाते. स्पोर्ट मोडमध्ये हेच सारे होते, फक्त तफावत बरीच मोठी होईपर्यंत प्रणाली वाट पाहते. नोंदीनुसार ती चौथ्या फेरीतही मध्ये पडली, पण तिसऱ्या फेरीच्या तुलनेत सुमारे ०.३ सेकंद उशिरा. एवढ्या वेळात गाडी साडेसहा मीटर पुढे जाते. शिवाय तिची सारी ताकद टायरच्या उरलेल्या पकडीतूनच येते. टायरकडे द्यायला काही उरले नसेल तर प्रणाली ते निर्माण करू शकत नाही.

चालकाने स्टिअरिंग उलटे द्यायला खरोखर उशीर केला का? केला, पण कोणीही तो टाळू शकला असता असे मला वाटत नाही. मागचे टोक सुटल्याचे पाठीला जाणवून हात हलेपर्यंत अनुभवी चालकालाही एक चतुर्थांश ते अर्धा सेकंद लागतो, आणि ही गाडी तेवढ्यात आडवी झाली होती. शेवटी पूर्ण ब्रेक दाबला हे मात्र त्याने योग्य केले. गाडी एका मर्यादेपलीकडे फिरली की तिला सावरण्याचा हट्ट धरणे घातक असते, कारण टायर अचानक पुन्हा पकड घेतात आणि गाडी दुसऱ्याच दिशेला झेपावते. पूर्ण ब्रेक दाबलेली गाडी साधारणपणे आपल्या मूळ दिशेने घसरत राहते आणि ती कुठे थांबेल याचा अंदाज बांधता येतो.

वळायला हवे होते का?

हा तो प्रश्न, जो सकाळी कोणी विचारला नाही. जेवणाच्या सुट्टीत चालकाने स्वतःच विचारला: “समोर खरोखर काही असते, तर मी नुसता ब्रेक दाबून थांबलो असतो का?” कागदावर हिशेब मांडला आणि उत्तराने मला स्वतःलाही थोडे ओशाळायला लावले.

कोरड्या डांबरावर या टायरांची पकड ब्रेकसाठी आणि वळण्यासाठी सारखीच, सेकंदाला १० मीटर प्रतिसेकंद इतकी धरू. ७८ च्या वेगाला थांबायला वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन, म्हणजे साडेतेवीस मीटर लागतात. ३ मीटर बाजूला सरकून पुन्हा सरळ व्हायला, अर्धा वेळ एका दिशेने आणि अर्धा वेळ उलट दिशेने पूर्ण पकड वापरली तर, सुमारे १.१ सेकंद लागतो; तेवढ्यात गाडी पावणेचोवीस मीटर पुढे जाते. दोन्ही अंतरे सारखीच! आमच्या मांडणीत पहिल्या शंकूपासून अडथळ्याच्या जागेपर्यंत १२ आणि १३.५ मिळून साडेपंचवीस मीटर होते. म्हणजे प्रवेशालाच ब्रेक पूर्ण दाबला असता तर गाडी अडथळ्याच्या दोन मीटर आधी उभी राहिली असती, सरळ, स्वतःच्या मार्गिकेत, आणि परतीचे वळण नावाची भानगडच उद्भवली नसती.

हा योगायोग आहे का, हे पाहण्यासाठी हिशेब अक्षरांत मांडला, तेव्हा एक गोष्ट निघाली जी वर्षानुवर्षे हे शिकवूनही मी इतक्या स्पष्टपणे पाहिली नव्हती. ब्रेक आणि वळण यांची अंतरे जिथे सारखी होतात, तिथे ते अंतर बाजूला सरकण्याच्या मापाच्या आठपट असते, आणि या आठपटीत ना वेग येतो, ना टायरची पकड. ३ मीटर सरकायचे असेल तर सीमा २४ मीटरवर. अडथळा त्याहून जवळ असेल, तर ब्रेकने जितक्या वेगातून बचाव होतो तितक्या वेगातून वळण्याने होत नाही. अडथळा त्याहून लांब असेल, तर उलटे. उदाहरणार्थ, १५ मीटरवर अडथळा असताना ब्रेकने ताशी ६२ पर्यंतच्या वेगातून थांबता येते, पण वळून फक्त ४९ पर्यंत निभावते. ४० मीटरवर असेल तर ब्रेक १०२ पर्यंत पुरतो आणि वळणे १३१ पर्यंत.

सर्वसाधारण समजूत याच्या अगदी उलट आहे. लोक मानतात की जागा असेल तर ब्रेक दाबावा आणि अगदी शेवटच्या क्षणी, थांबणे शक्य नसताना, स्टिअरिंग मारावे. हिशेब सांगतो की शेवटचा क्षण ब्रेकचा आहे. वळणे हा लांबून, वेगात असताना, आधीच ठरवून वापरायचा उपाय आहे. शिवाय ब्रेक अपुरा पडला तरी धडकेआधी वेग उतरलेला असतो. आमच्या उदाहरणात ब्रेक सात मीटर उशिरा लागला असता, तर अडथळ्याशी वेग ३६ च्या आसपास राहिला असता आणि धडकेची ऊर्जा मूळच्या सुमारे एक पंचमांश. वळणे अपुरे पडले तर गाडी जवळपास पूर्ण वेगाने, आणि बहुधा तिरपी, आदळते.

दोन अपवाद नोंदवायला हवेत. पहिला, परत सरळ होण्याची अट सोडली आणि अडथळ्याचा फक्त कोपरा चुकवायचा असेल, तर आठपटीऐवजी चौपट अंतर पुरते; पण तेव्हा गाडी तिरपी होऊन रस्त्याबाहेर निघालेली असते आणि तिथे मोकळी जागा आहे हे आधी ठाऊक असावे लागते. दुसरा, सरकायचे अंतरच कमी असेल, समजा एखाद्या मीटरचे, तर सीमा ८ मीटरवर येते आणि वळणे फार लवकर फायद्याचे ठरते. यात हातांना आणि टायरला लागणारा वेळ धरलेला नाही. तो धरला तर पारडे ब्रेककडेच आणखी झुकते, कारण टायरला बाजूची पकड उभी करायला चाकाचा काही भाग फिरावा लागतो आणि दिशा बदलताना ते दोनदा घडते. आणि अर्थात, विचारातच एक सेकंद गेला, तर ७८ च्या वेगात जवळपास २२ मीटर नुसत्या विचारात संपतात.

कामगिरीच्या गाडीविषयी या हिशेबातून जे निघते ते तिच्या मालकांना फारसे आवडत नाही. जास्त पकडीने दोन्ही वेगमर्यादा सारख्याच प्रमाणात वर जातात. कोणता उपाय निवडावा हे मात्र बदलत नाही. “माझी गाडी वळते चांगली, म्हणून मी वळतो” या वाक्याला आधार नाही, कारण ती थांबतेही तितकीच चांगली.

दुपारचे सत्र

दुपारी प्रणाली पुन्हा पूर्ण चालू केली आणि ७० पासून सुरुवात केली. हातांविषयी मी एकच सूचना दिली: स्टिअरिंग दोन्ही बाजूंनी मध्यावर धरायचे आणि हात न सरकवता फिरवायचे, म्हणजे मध्यबिंदू कुठे आहे हे हातांना कळत राहते. डोळ्यांविषयी दुसरी: बाजूच्या मार्गिकेत शिरण्याआधीच नजर शेवटच्या मार्गिकेच्या दारावर गेलेली असली पाहिजे. सकाळी कॅमेऱ्यात त्याची मान अखेरपर्यंत डावीकडच्या शंकूंवर खिळलेली होती. परतीचे दार उशिरा दिसले, म्हणून पाय घाबरला आणि हातांनी घाई केली. पायाविषयीची सूचना सकाळचीच होती, पण आता तिचे कारण त्याला माहीत होते. ७४ ला गाडी स्वच्छ निघाली. ७८ ला पहिल्या प्रयत्नात शेवटचा एक शंकू पडला, दुसऱ्यात एकही नाही. परतीचे स्टिअरिंग या वेळी १४० ऐवजी ११० अंशांवर थांबले होते.

त्यानंतर शंकूंची जागा बदलली. अडथळा १५ मीटरवर आणला आणि वेग ५५ ठरवला. हिशेबाने या वेगात ब्रेक पुरेसा होता आणि वळणे अपुरे. मी त्याला निवड करायला सांगितले नाही. आधी वळून पाहा आणि मग ब्रेक दाबून पाहा, इतकेच सांगितले. वळताना त्याने अडथळ्याचा डावा कोपरा दोन्ही वेळा उडवला. ब्रेकला गाडी शंकूंच्या तीन मीटर आधी थांबली. पुढच्या फेरीसाठी आत बसताना त्याने विचारले की तीन मीटर उरले, तर वेग ६० करायचा का? आम्ही ५८ केला. गाडी सव्वा मीटर आधी उभी राहिली.